मद्यासक्ती आणि अँटिऑक्सिडंट : आशा व मर्यादा

मद्यासक्ती हा मनाच्या दुबळेपणाचा दोष नसून मेंदू व शरीर यांना जडणारा आजार आहे. अँटिऑक्सिडंट द्रव्यांनी हे व्यसन सुटेल काय, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक विचारतात. त्याचा येथे थोडक्यात परामर्श घेतला आहे.

मद्याचे यकृतात प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते. दीर्घकालीन मद्यपानामुळे या प्रक्रियेत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू मोठ्या प्रमाणात निर्माण होऊन पेशींना इजा पोहोचते. या रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या ग्लुटाथायोन या शरीरातील द्रव्याचा साठाही घटतो. ऱ्हास वाढतो आणि संरक्षण कमी होते, अशी ही दुहेरी हानी आहे.

या संदर्भात एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या औषधाचा विशेष अभ्यास झाला आहे. कफ पातळ करण्यासाठी व पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून ते अनेक दशके वापरात आहे. त्यापासून शरीरात ग्लुटाथायोन तयार होण्यास मदत होते. तसेच मेंदूतील ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा बिघडलेला समतोल सावरतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. चिलीमधील संशोधकांना मद्याची ओढ असलेल्या उंदरांचे मद्यसेवन या औषधाने घटल्याचे आढळले.

मानवी अनुभव मात्र सावध करणारा आहे. फ्रान्समध्ये मद्यजन्य तीव्र यकृतदाहाच्या 174 रुग्णांवर झालेल्या व 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोलोनला या औषधाची जोड दिली असता एका महिन्यातील मृत्युप्रमाण 24 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आले. सहा महिन्यांनंतरचा फरक मात्र निर्णायक ठरला नाही. शिवाय ही चाचणी यकृतासाठी होती, व्यसनमुक्तीसाठी नव्हे. मद्याची ओढ कमी करणारे औषध म्हणून त्यास अद्याप मान्यता नाही.

अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी, हा समजही चुकीचा आहे. फिनलंडमधील 1994 च्या अभ्यासात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपींमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण 18 टक्क्यांनी अधिक आढळले. मद्यासक्तांपैकी अनेक जण धूम्रपानही करतात, हे लक्षात घ्यावे.

म्हणून कुटुंबीयांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात. दीर्घकाळची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम व क्वचित मृत्यूही ओढवतो. डायसल्फिराम हे औषध रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळू नये. त्यावर मद्य घेतल्यास जिवावर बेतू शकते. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, थायमिन जीवनसत्त्व, समुपदेशन व अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारखे स्वमदत गट हे आजचे विश्वसनीय उपाय होत. त्यांचा अवलंब वैद्यकीय सल्ल्यानेच करावा.

नव्या संशोधनाचे स्वागत अवश्य करावे. परंतु गोळीच्या आशेवर उपचार लांबवू नयेत. लवकर उपचार घेणाऱ्या रुग्णाचे यकृत व संसार दोन्ही सावरण्याची शक्यता अधिक असते.