अडकलेली करवत

खेड तालुक्यांतील महाळुंगे-चाकण हा भाग मोटारी व त्यांचे सुटे भाग यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु कारखान्यांतून निघालेला जड माल दूर धाडावयाचा तर लाकडी खोकीं व चौकटी लागतात, आणि त्या करावयास सुताराची गोल करवत लागते. इंग्लंडांत 1777 सालीं सॅम्युएल मिलर यानें घेतलेल्या एका पेटंटांत अशा करवतीचा उल्लेख आहे. आम्ही येथें तिच्या एका नेहमींच्या दुखण्याचा विचार करणार आहोंत.

टेबलाखालीं एक हातचाक असतें. तें फिरविलें म्हणजे पातें वर किंवा खालीं सरकतें. जुन्या यंत्रांत कांहीं काळानें हें चाक जागचें हलत नाहीं. पातें वर अडकलें असतांही काम चालू ठेवण्याचा मोह होतो. पण पातळ फळीच्या वर दोन-दोन इंच दांत उघडे फिरत असतां हात चुकला, तर गेलेलें बोट परत येत नाहीं. म्हणून ही दुरुस्ती उद्यांवर टाकूं नये.

यंत्र अडकतें कां? हातचाकाच्या दांड्यावर मळसूत्र कापलेलें असतें व तें एका दांतेरी चाकांत बसतें. पाइनच्या लाकडांतील राळ भुशाशीं मिसळून त्या दांतांत घट्ट बसते. पावसाळ्यांत हा भुसा ओल धरून ठेवतो. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु यांचा संयोग होऊन गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, त्यामुळें दोन भागांमधील बारीक फट बुजून जाते.

अशा वेळीं जोर करणें हा मोठा अविचार होय. समजा, दांतेरी चाकास 40 दांत आहेत. एकेरी मळसूत्राच्या एका फेऱ्यानें तें एकच दांत पुढें सरकतें, म्हणजे त्याच्या पूर्ण फेऱ्यास हातचाकाचे 40 फेरे लागतात. घर्षणांत बरेंच बळ खर्च झालें, तरी हाताचा जोर कित्येक पटींनीं वाढून एकदोन दांतांवरच येतो. बीड ठिसूळ असतें. तें वाकत नाहीं, तुटतें.

यास्तव क्रम असा ठेवावा. प्रथम विजेची जोडणी काढावी. नुसती कळ बंद करून भागत नाहीं. मग पातें उतरवावें. उंची पक्की धरणारा पेंच कोणी आवळून ठेवला आहे काय, तें पाहावें. कित्येकदां एवढेंच कारण निघतें. नंतर राळ लाकडी पट्टीनें खरवडावी, गंज तारेच्या ब्रशानें घासावा, आणि सांध्यांत गंज सोडविणारें पातळ तेल घालून रात्रभर थांबावें. जवळ विडी वा दिवा नसावा. दुसरे दिवशीं हातचाक किंचित् पुढें, किंचित् मागें असें हलवावें, व दांड्यावर लाकडी हातोड्यानें हलके ठोके द्यावेत.

चाक सुटल्यावर ग्रीस भरूं नये, कारण तें भुसा धरून ठेवतें. तेल पुसून मेणाचा पातळ हात द्यावा. पातें परत बसविल्यावर त्याच्या एका दांतास खूण करावी, आणि टेबलावरील खांचेपासून त्या दांताचें अंतर एकदां पुढें व एकदां मागें फिरवून मोजावें. दोन्ही अंतरें सारखीं आलीं तरच पातें सरळ आहे. वरचें झांकण बसविल्यावांचून वीज जोडूं नये.

मुलांनीं हें काम जाणत्या कारागिराच्या समक्षच शिकावें. जुनें यंत्र भंगारांत घालण्यापूर्वीं त्यास एक रात्र व थोडें तेल द्यावें, इतकेंच पालकांसही आमचें सांगणें आहे.