ध्वनिवर्धकांतील सांधा

भोरच्या पेठेंत सभा असो वा वेल्ह्याच्या खोऱ्यांत कीर्तन असो, आतां कर्ण्यावांचून कार्यक्रम क्वचितच होतो. कधीं कधीं असा अनुभव येतो कीं, वक्ता गरजला म्हणजे शब्द स्वच्छ ऐकूं येतात. पण तोच मृदु स्वरांत बोलूं लागला म्हणजे आवाज खरखरतो. हा तोरण्याच्या कड्यावरून परतणारा प्रतिध्वनि नव्हे. प्रतिध्वनि शब्दामागून येतो. ही खरखर शब्दाबरोबरच येते. तिचें मूळ बहुधा ध्वनिवर्धकाच्या अखेरच्या टप्प्यांत असतें.

या टप्प्यांत सामान्यतः दोन ट्रँझिस्टर असतात. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक कर्ण्याकडे पोंचवितो व खालचा अर्धा दुसरा. मोठी करवत दोन गडी आळीपाळीनें ओढतात, तसेंच हें काम आहे. एकानें हात सैल सोडला व दुसऱ्यानें अजून धरला नाहीं, तर करवत मध्येंच अडखळते. सिलिकॉनचा ट्रँझिस्टर सुमारें ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत जागाच होत नाहीं. म्हणून लहर शून्याजवळ आली कीं दोघेहि निजलेले असतात. लहरीचें शिखर १० व्होल्टांचें असेल, तर हा मुका काळ शेकडा ४ च्या आंत राहतो. शिखर १ व्होल्टाचें असेल, तर तो शेकडा ४१ पर्यंत जातो! मंद स्वरच अधिक कां बिघडतो, हें यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानीं येईल.

यावर उपाय काय? दोन्ही ट्रँझिस्टरांतून सतत थोडा प्रवाह वाहूं द्यावा, म्हणजे एकाचें काम संपण्यापूर्वींच दुसरा सज्ज असतो. मग दोघांनाहि सदैव पूर्ण जागें कां ठेवूं नये? तसें करतां येतें; परंतु त्या पद्धतींत फार तर निम्मी शक्ति कर्ण्यास मिळते, आळीपाळीच्या पद्धतींत ती शेकडा ७८ पर्यंत मिळूं शकते. जेथें सभा बॅटरीवर चालवावयाची, तेथें हा भेद लहान नव्हे. म्हणून मध्यम मार्ग धरतात. बार्नी ऑलिव्हर यांनीं १९७१ सालीं दाखविलें कीं, प्रत्येक एमिटरच्या रोधावर सुमारें २६ मिलिव्होल्ट पडतील इतकाच प्रवाह उत्तम. तो कमी झाल्यास सांध्यांत खांच पडते, अधिक झाल्यास उंचवटा येतो.

येथें उष्णतेचेंहि भान ठेवावें लागतें. दर अंशास ट्रँझिस्टरची गरज सुमारें २ मिलिव्होल्टांनीं घटते. त्यामुळें प्रवाह वाढतो, प्रवाहानें उष्णता वाढते, आणि अखेर ट्रँझिस्टर जळतो. यासाठीं नियंत्रण करणारा ट्रँझिस्टर त्याच धातूच्या पंख्यांवर बसवितात.

दुसरा उपाय प्रतिपोषणाचा. हॅरल्ड ब्लॅक यांना तो १९२७ सालीं सुचला. बाहेर पडलेली लहर मूळ लहरीशीं ताडून पाहावी व जी चूक दिसेल ती उलट दिशेनें परत द्यावी, हें त्याचें तत्त्व. परंतु स्वर जितका उंच, तितकें प्रतिपोषणाचें बळ कमी पडतें. आणि सांध्यांतील खांच तर उंच स्वरच निर्माण करते. तात्पर्य, आधीं सांधा नीट जुळवावा, मग प्रतिपोषणावर भिस्त ठेवावी.

पुष्कळ लोक खरखर ऐकतांच आवाज वाढवितात. त्यानें दोष झांकतो, जात नाहीं. सभेंतील महत्त्वाचा शब्द पुष्कळदां हळूच उच्चारलेला असतो. म्हणून आमच्या मतें ध्वनिवर्धकाची परीक्षा करावयाची ती त्याच्या गर्जनेवरून नव्हे, तर कुजबुजीवरून करावी.