सिंक बंद केलं तर मेल जातील का?

प्रश्न : वालीवच्या आमच्या कारखान्यातला जुना सर्व्हर भंगारात दिला. तरी मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये कुणाचं नाव बदलता येत नाही. 'स्थानिक डिरेक्टरीतून बदला' असं येतं. सिंक बंद केलं तर मेल जातील का?
– एक वाचक, वसई (पूर्व)

उत्तर : नाही, निर्धास्त राहा. मेलबॉक्स जागेवरच राहतात. सर्व्हर गेला तरी क्लाउडमधलं सिंकचं सेटिंग आपोआप जात नाही. ते ग्लोबल ॲडमिनने पॉवरशेलमधून बंद करावं लागतं. याला 72 तासांपर्यंत लागू शकतात आणि तेवढ्यात पुन्हा चालू करता येत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी हात घाला. नंतर उरलेलं सिंकचं सर्व्हिस अकाउंट काढा.

ज्यांचा सर्व्हर अजून चालू आहे, त्यांनी मात्र आधी सिंक बंद करावं. सिंक चालू असताना तिथली नावं उडवली, तर क्लाउडमधली खातीही उडतात. ती परत आणायला 30 दिवसच मिळतात.