काचेला तोळ्याचा भाव नसतो

जळगावात वाढलेल्या माणसाच्या हाती मोलाची वस्तू आली की तो आधी ती तोलून बघतो. सोन्याच्या बाजाराने लावलेली सवय ती. मेहरूणला आमच्या मेहुण्यांनी नव्या घराच्या बैठकीसाठी रंगीत काचेचं तबक घेतलं तेही असंच, हातावर तोलून. ‘जुन्या वाड्यातलं बेल्जियम आहे,’ असं विकणाऱ्याने सांगितलं. तबक चांगलं जड होतं. पाच आकडी रक्कम दिली गेली, पावती कोणी मागितली नाही.

मला दाखवलं तेव्हा मी ते आधी उपडं केलं. काचेची नाडी पाठीवर सापडते. बूड खरबरीत, पांढुरकं. वरची बाजू मात्र गुळगुळीत. काठ वितळलेल्या मेणासारखे गोलसर. उजेडात आडवं धरलं तर दोन थरांमध्ये अडकलेले चपटे बुडबुडे दिसले.

“भाऊजी, तबक छान आहे, पण वाड्याची गोष्ट सोडा.”

हे फ्यूज्ड ग्लासचं काम. काचेचे तुकडे कापून एकमेकांवर रचायचे, विजेच्या भट्टीत साधारण 800 अंश सेल्सिअसला एकजीव करायचे, मग साच्यावर ठेवून त्याहून कमी उष्णतेत वाकवायचे. फुगवलेल्या काचेच्या बुडाशी सळई तोडल्याची खूण असते, नाहीतर ती घासून काढलेली जागा. साच्यात दाबलेल्या काचेवर सांध्याची रेघ सापडते. आपल्याकडच्या जुन्या हंड्या, ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच, 1908 साली तळेगावात निघालेल्या पैसा फंड कारखान्याचा माल, ही सगळी घराणी वेगळी. काच भट्टीत जोडण्याची विद्या रोमनांनाही येत होती. पण आजच्या स्टुडिओंतलं काम विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वाढलं. शिकागोच्या फ्रान्सिस आणि मायकल हिगिन्स या जोडप्याने 1948 मध्ये स्टुडिओ काढला, आणि एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचा बनवणारी पोर्टलंडची बुल्सआय कंपनी तर 1974 ची. तेव्हा अशा तबकाला कोणी शंभर वर्षांचं म्हणालं, तर ऐकून घ्या आणि पाकीट खिशातच ठेवा.

वजनावरून भाव ठरत नाही, पण खोटं पकडता येतं. 30 सेंटिमीटर चौरस, 6 मिलिमीटर जाड काच सव्वा किलोच्या वर भरते. तेवढाच तुकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास भरला आणि हाताला कोमट लागला, तर ते रेझिन समजा.

तबक खरी काच होतं, तरीही मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत त्याला तडा गेला, तोही बरोबर निळ्या-पिवळ्याच्या सांध्यावरून. उन्हाला दोष देऊन उपयोग नाही. दोन काचा तापल्यावर सारख्या फुगल्या नाहीत आणि निवताना सारख्या आकसल्या नाहीत, की ताण आत राहतो. म्हणून कारागीर 90 आणि 96 अशा फुगण्याच्या वेगवेगळ्या क्रमांकांच्या काचा एकत्र करत नाहीत, आणि जोडलेला तुकडा 500 अंशांच्या आसपास थांबवून सावकाश निववतात. काच पारदर्शक असेल तर हा ताण घरी दिसतो. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल पडद्यापुढे धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये काच धरा. सांध्याभोवती उजळ वलयं दिसली, तर तो नग फुकटसुद्धा नको.

किंमत देतात ती हाताला. कोणी केलं, सही काचेवर कोरलेली आहे की नुसतं स्टिकर, रचना त्या कलाकाराची की कुणाची उचललेली, काठाला टवका आहे का, हे बघा. कोन बदलला की रंग बदलणारी डायक्रोइक काच महाग असते हे खरं, पण ती चमक तयार मिळते. तिच्यावर भुलून कारागिरीचे पैसे देऊ नका.

घेताना पावतीवर कलाकाराचं नाव, साल आणि ‘फ्यूज्ड ग्लास’ एवढं लिहून मागा. विकणारा का-कू करू लागला, तर शोभेच्या वस्तूचा भाव सांगा आणि त्यावर एक रुपयाही चढू नका.