मामंजींच्या दुनळ्या

सुमे, गावातल्या कुणीतरी मामंजींच्या दोन्ही बंदुकांचा एकरकमी आकडा सांगितला आणि भाऊजी हो म्हणायच्या बेतात आहेत, हे कळल्यापासून मला चैन नाही. त्या माणसाने नळ्या उघडून आतून पाहिल्यासुद्धा नाहीत. मग त्याचा आकडा कशाच्या जोरावर?

आधी कायद्याचं उरकून घे. परवाना मामंजींच्या नावाचा होता आणि ते आता राहिले नाहीत, त्यामुळे बंदुका घरात ठेवणं बरोबर नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूकविक्रेत्याकडे त्या विनाविलंब जमा कराव्या लागतात. घाबरू नकोस, मालकी जात नाही. ठरलेल्या मुदतीत विकता येतात, वारसाला परवानाही मागता येतो. मुदत उलटली तर मात्र सरकारजमा. माझं ऐकशील तर ठाण्याला लेखी कळवून दुकानातच ठेव. भाडं पडेल, पण ओलसर खोलीत एक पावसाळा गेला की नळी आतून गंजते. पावतीवर प्रत्येक बंदुकीचा नंबर लिहून घे. आत काडतूस आहे का, ते दुकानदारालाच पाहू दे. घरात कुणी चाप ओढून बघायचा नाही.

आणि हात जोडून सांगते, चकचकीत करायला जाऊ नका. पोलादावरचा मूळ रंग, दस्त्यावरची जुनी तेलाची झाक, कोरीव कामाच्या बारीक रेषा, हे सगळं घासलं की गेलं. जाणकार त्याचेच पैसे देतो.

आता ओळख पटवायची. नळीवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉड्डाचं नाव दिसलं, तर ते विकणाऱ्या दुकानाचं असू शकतं. अशा पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेल्या असत. पर्डी (स्थापना १८१४), हॉलंड अँड हॉलंड (१८३५), वेस्टली रिचर्ड्स (१८१२) ही नावं असतील तर नंबर देऊन कंपनीला पत्र लिही. त्यांच्या जुन्या वह्यांत बंदूक कधी आणि कुणासाठी बनली, याची नोंद सापडू शकते, आणि तो कागद किंमत वाढवतो. चामड्याची पेटी माळ्यावर असेल तर शोध. झाकणाच्या आतल्या लेबलवर दुकानाचा पत्ता असतो आणि पत्त्यावरून काळ कळतो.

पण नुसत्या नावावर जाऊ नकोस. चापाची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली, म्हणजे साइडलॉक, आहे की मधल्या सांगाड्यात बसवलेली, म्हणजे बॉक्सलॉक, हे दुकानदाराला विचार. एकाच घराण्याची असली तरी साइडलॉकला सहसा जास्त भाव. रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी, म्हणजे इजेक्टरवाली, साधीपेक्षा वरची. खरी परीक्षा नळीची. गंजाचे खड्डे घासून काढलेली नळी आरशासारखी दिसते, पण भिंत पातळ झालेली असते. म्हणून जाडी यंत्राने मोजून घ्यायची. नळ्यांच्या बुडाशी लंडन किंवा बर्मिंगहॅमला झालेल्या मजबुतीच्या चाचणीचे शिक्के असतात. बारा बोअरचा मूळ व्यास ०.७२९ इंच, शिक्का मारला तेव्हाच्या मापापेक्षा आतून ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढला, तर ब्रिटनमध्ये ती चाचणी रद्द धरतात. जुन्या नळ्यांतलं काडतुसाचं घर अनेकदा अडीच इंची असतं, त्यात आजचं पावणेतीन इंची काडतूस घालणं धोक्याचं. हे शिक्के वाचता न येणाऱ्याने सांगितलेली किंमत मी तरी धरणार नाही.

एक तू कदाचित पाहिलं नसशील. दोन्ही बंदुकांच्या नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्यात १ आणि २ कोरलंय का? नंबर लागोपाठ आहेत का? तसं असेल तर ती जोडी आहे. मग एक थोरल्या दिरांना, एक तुम्हाला, असली वाटणी करू नका. लंडनच्या लिलावात जोडी दोन सुट्यांच्या बेरजेपेक्षा महाग जाते. आपल्याकडे मात्र अडचण निराळी. २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणजे जोडी घेणाऱ्याचा कोटा तिथेच संपतो. गिऱ्हाईक कमी, म्हणून वेळ लागेल. पण मोडलेली जोडी पुन्हा जुळणं फार कठीण. आणि इंटरनेटवरचे पौंडांतले आकडे रुपयांत करून दिरांना दाखवू नकोस. तो बाजार वेगळा, आणि त्या आकड्यात बहुतेकदा लिलावगृहाचा हिस्साही धरलेला असतो.

किंमत विचारताना दुकानदाराला सरळ विचार, तुम्ही स्वतः घेणार की दलालीवर विकून देणार? स्वतः घेणारा कमीच सांगणार, तो त्याचा धंदा आहे. निदान दोन ठिकाणी दाखव, आणि ज्याला विकत घ्यायची नाही अशा एकाकडून तरी पैसे देऊन लेखी मूल्यांकन करून घे.

परस्पर विकायचं ठरलं, तरी घेणाऱ्याकडे परवाना हवाच. त्याचं नाव-पत्ता जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचा आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. तुमच्या बाबतीत नेमकी कुठली रीत लागू पडते, ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत भाऊजींनी आधीच विचारावं. गावच्या माणसाला म्हणावं, एवढं होईपर्यंत थांब. थांबला नाही तर जाऊ दे त्याला. आणि त्याच्याकडून इसार घेतला असशील, तर उद्याच परत कर.