पाणी खाली गेलं म्हणून इंजिन विहिरीत उतरवू नका

एप्रिल अर्धा सरला की जालना-अंबडच्या मोसंबी पट्ट्यातून एकच तक्रार यायला लागते: पंप पाणी उचलत नाही. आंबे बहाराची फळं झाडावर असतात, विहीर तळ गाठत असते आणि बागेत रोज सकाळी गळलेली फळं दिसतात. अशा वेळी माणूस घायकुतीला येतो, हे कळतं. पण त्या घायकुतीत डिझेलचं नाहीतर पेट्रोल-रॉकेलचं इंजिन दोरानं विहिरीत सोडायचं आणि खालीच चालू करायचं, हे जे चाललंय त्यानं माणसं मरतात. म्हणून या वेळी खत-फवारणी बाजूला ठेवून एवढंच लिहितो आहे.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणसाला वाटतं ऊन लागलं. तेवढ्यात पायऱ्या चढून येण्याची ताकद गेलेली असते. वर शेतात सुटलेला वारा विहिरीच्या तळाशी फिरत नाही, त्यामुळे धूर तिथंच साचतो. डिझेलचं इंजिन हा वायू कमी सोडतं, असं कुणी सांगेल. खरं आहे, पण विहिरीत त्या फरकावर जीव टांगू नये.

आता घरगुती परीक्षांबद्दल. ‘साहेब, कंदील सोडून बघितला, विझला नाही’ हे मी दर उन्हाळ्यात ऐकतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर कंदील विझतो. वर्षानुवर्षं न वापरलेल्या विहिरीत तेवढी खूण मिळते. पण कार्बन मोनॉक्साईड माणूस मारण्याइतका साचला, तरी कंदील मजेत जळत राहतो. तोंडाला बांधलेला ओला रुमाल हा वायू अडवत नाही. सायलेन्सरला पाईप जोडून धूर वर काढणारेही आहेत. तो सांधा इंजिनाच्या हादऱ्यानं सैल होतो आणि खालच्या माणसाला पत्ता लागत नाही.

एका वस्तीवर खालचं इंजिन बंद पडलं म्हणून धाकटा भाऊ उतरला. तो हाकेला ओ देईना म्हणून थोरला उतरला. दोघंही वर आले नाहीत. तिसरा, शेजारचा पोरगा, काठावरून पाय सोडत होता. त्याच्या आईनं सदऱ्याला धरून मागं ओढला, म्हणून तो आज आहे. बेशुद्ध पडलेल्या माणसामागं उडी मारणं म्हणजे आणखी एक प्रेत वाढवणं. खाली कोणी पडलं तर १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि ‘विहिरीत धूर साचलाय’ हे आधी सांगा. ब्लोअर असेल तर काठावरून ताजी हवा खाली सोडा. श्वासाचं यंत्र लावलेला माणूस येईपर्यंत कोणी उतरू नका. पोटच्या पोरासाठीसुद्धा नाही.

मुळात पंप पाणी का सोडतो? सेंट्रीफ्यूगल पंप सक्शनमधला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरची हवा ते पाणी नळीतून वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा १०.३ मीटर पाणी तोलते. आपलं पठार त्याहून निम्मा किलोमीटर उंच, पाणी तापलेलं, वर नळीतलं घर्षण आणि फूटव्हॉल्व्हची जाळी. हे वजा जाता हिशेबाला धरायचे ते सहा मीटर, म्हणजे वीस फूट. अंबडजवळच्या एका बागायतदारानं पाच अश्वशक्तीची मोटर विकून साडेसातची घेतली, इंपेलर बदलला, ग्लँडची दोरी बदलली, फूटव्हॉल्व्ह गळतो समजून सक्शनमध्ये शेणकाला ओतला. शेवटी दोरीला दगड बांधून मोजलं, तर पाणी पंपाच्या अठ्ठावीस फूट खाली! तिथं पन्नास अश्वशक्तीनंही थेंब आला नसता. दगड-दोरीला पैसा लागत नाही, तेवढं आधी करा.

अंतर वीस फुटांच्या पुढं गेलं तर विजेवरची ओपनवेल पाणबुडी मोटर पाण्यात सोडा. वीज नसेल तर जनरेटर वर, काठापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. दोघातिघांनी मिळून भाड्यानं आणला तरी चालतो. मोनोब्लॉकच खाली न्यायचा असेल तर भिंतीत पक्के बसवलेले गर्डर हवेत, दोरावर लोंबकळता पंप नको, आणि उतरवताना त्याच्याखाली कोणी थांबू नये. सक्शनची नळी पंपाकडं सतत चढती ठेवा, मध्ये उंचवटा आला की तिथं हवा धरते.

विजेची मोटर खाली नेताना नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. ऑटो स्विच लावलेला असेल तर वीज येताच मोटर आपोआप सुरू होते आणि तुमचा हात तेव्हा टर्मिनलवर असतो. तो स्विच काढून टाका. केबलच्या सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळून पाण्यात सोडणाऱ्यांना आणि किटकॅटमध्ये जाड तार घालणाऱ्यांना दरवर्षी सांगून मी थकलो. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ द्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, तेव्हा त्यात नियमानं पाणी ओता.

आज कुणाच्या विहिरीत इंजिन असेल तर ते सुरू करू नका, आणि त्या विहिरीत उतरूही नका. आधी ब्लोअरनं भरपूर वेळ ताजी हवा खाली सोडा, मग वरूनच दोरानं ते ओढून काढा.