वखारीतला धूर आणि किरणशोधक

थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर बेळगावहून एखाद्या खेड्याकडे निघालात, तर चुलींचा धूर काही उंचीवर थांबून तेथून आडवा पसरलेला दिसेल. धूर वर जातो हे आपण लहानपणापासून पाठ केलेले असते. तो वर जाता जाता थांबतो, हे मात्र डोळ्यांनी पाहूनही ध्यानात राहत नाही. धुराला वर नेते ती त्यातली गरम हवा. चढताना ती भोवतालची थंड हवा ओढून घेते आणि निवत जाते. वरची हवा तिच्याइतकीच उबदार लागली, की चढण संपली. मोठ्या इमारतीत धूर ओळखणारे यंत्र कोठे बसवावे, हा प्रश्न मुळात या चुलीच्या धुराचाच आहे.

उदाहरणासाठी कापसाच्या गाठींची एक वखार घेऊ. लांबी ६० मीटर, रुंदी ३० मीटर, उंची १२ मीटर, वर पत्रा. कचेरीच्या छताला वाटीएवढा धूरशोधक लावतात, तो येथे कामाचा नाही. बीएस ५८३९ ही ब्रिटिश नियमावली त्याला सर्वसाधारणपणे साडेदहा मीटर उंचीपर्यंतच योग्य मानते. त्यापुढे धूर फार विरळ होतो. म्हणून अशा ठिकाणी किरणशोधक, म्हणजे बाजारात ज्याला बीम डिटेक्टर म्हणतात तो, वापरावयाचा. एका भिंतीवरून अवरक्त किरणांचा झोत सोडून तो समोरच्या भिंतीवर मोजतात. किंवा समोर परावर्तक लावून परत आलेला झोत त्याच पेटीत मोजतात. प्रकाश ठरावीक प्रमाणात, समजा ३५ टक्क्यांनी, घटला आणि काही सेकंद घटलेलाच राहिला, की घंटा वाजते. ६० मीटरच्या वाटेवर जागोजागी असलेल्या विरळ धुराची बेरीज होते, हे यातले मर्म. झोत एका क्षणात पूर्ण अडला तर मात्र यंत्र आग न सांगता फॉल्ट दाखवते, कारण धूर असा एकदम काळोख करीत नाही.

सपाट छताखाली एक किरण आपल्या दोन्ही बाजूंचे साडेसात-साडेसात मीटर सांभाळतो. म्हणजे आपल्या वखारीला लांबीच्या दिशेने दोन किरण पुरतात. छप्पर उतरते असेल तर एक किरण आढ्याखाली हवाच. उताराच्या दर अंशाला त्याची कक्षा एक टक्का वाढवता येते, फार तर २५ टक्के; तरी कडेच्या पट्ट्या उरतात आणि किरण तीन होतात. झोत छतापासून २५ ते ६०० मिलिमीटर खाली असावा.

येथवर हिशेब सोपा आहे. आता एप्रिलमधली दुपार डोळ्यांपुढे आणा. पत्रा तापलेला, त्याखाली गरम हवेचा जाड थर. खाली एका गाठीच्या पोटात आग धुमसते आहे. धूर थोडा आणि कोमट. तो सात-आठ मीटरांवर थांबतो आणि वरचे किरण स्वच्छ हवा पाहत राहतात. ज्वाळा भडकून हा थर फुटेल तेव्हा घंटा वाजेल खरी, पण तोवर गाठींची रांग गेलेली असते.

उपाय म्हणजे आणखी खाली दुसरे किरण. पण तेथे धुराचा स्तंभ अजून अरुंद असतो. आगीपासून किरण जितका उंच, त्याच्या साडेबारा टक्के एवढीच कक्षा त्याच्या प्रत्येक बाजूला धरावी, असा ठोकताळा आहे. आठ मीटरांवर ती एक मीटर भरते, म्हणजे वखारीच्या रुंदीला १५ किरण! एवढा खर्च कोण करणार? निदान थप्प्यांच्या रांगांवरून तरी ते न्यावेत. छताखाली दोन किरण लावून काम पूर्ण झाल्याची सही करणे ही, माझ्या मते, कागदाची सुरक्षितता झाली. वरचे किरण मात्र काढावयाचे नाहीत. रात्री पत्रा निवला, की धूर सरळ छताला भिडतो.

बसवण्याची जागा घट्ट हवी. पेटी एका अंशाने कलली तर ६० मीटरांवर झोत मीटरभर सरकतो. पत्र्याची भिंत दुपारी फुगते, संध्याकाळी आवळते. तिच्यावर लावलेले यंत्र रोज फॉल्ट दाखवते, आणि आठवडाभरात रखवालदार ते बंद करून ठेवतो. त्याला दोष कसा द्यावा? दगडी भिंत किंवा मुख्य खांब निवडावा. झोताभोवती अर्धा मीटर जागा मोकळी असावी. हंगामात थप्पी किती उंच जाते हे हमालांना विचारावे. नकाशात ते नसते. कापसाची तूस काचेवर बसते, ती वेळच्या वेळी पुसावी.

परावर्तक असेल तर शेवटी एक सोपी परीक्षा घ्यावी. त्यावर काळे, न चमकणारे कापड टाकून पेटीवरचा आकडा पाहावा. तो जवळजवळ शून्यावर आला नाही, तर झोत वाटेतल्याच एखाद्या चकचकीत नळावरून परत येत आहे. तसे असेल तर नळापलीकडे कितीही धूर झाला, तरी यंत्र सारे ठीक असल्याचेच दाखवील.